वंचित बालकांचे आरोग्य आणि लोकसहभाग : भारतीय अनुभवाचा इतिहास

१. प्रस्तावना

सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. आजार माहीत आहे, औषध स्वस्त आहे, तरीही मूल दगावते, ते का? न्यूमोनिया, अतिसार, नवजात बाळाचा जंतुदोष, गोवर, पोलिओ या आजारांवरील उपाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकशास्त्राच्या हाती होते. परंतु डोंगरातील पाड्यावर, गावकुसाबाहेरच्या वस्तीत, वीटभट्टीवर किंवा शहराच्या दाट मोहल्ल्यात राहणाऱ्या मुलापर्यंत ते पोहोचत नव्हते. दवाखाना आणि मूल यांच्यामध्ये जे अंतर असते ते केवळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. बुडणारी मजुरी, जातीची भिंत, परक्या माणसाविषयीचा संशय आणि सुईणीच्या खोलीत पुरुषाला नसलेला प्रवेश या सर्वांची त्यात भर पडते.

हे अंतर कमी करण्यासाठी भारतात जे प्रयत्न झाले, त्यांत स्थानिक समाजाशी केलेल्या भागीदारीला विशेष स्थान आहे. या पाठात आपण १९४० च्या दशकापासूनचे प्रमुख प्रयोग कालक्रमाने पाहणार आहोत. सुरुवातीलाच दोन शब्दांतील फरक लक्षात घ्यावा. ‘सहभाग’ म्हणजे दुसऱ्याने आखलेल्या कामात हातभार लावणे. ‘भागीदारी’ म्हणजे कामाची आखणी, ज्ञान आणि जाब विचारण्याचा अधिकार यांतही वाटा असणे. जेथे असा वाटा मिळाला तेथे बालमृत्यू कमी झाल्याचे दिसते; जेथे लोकांकडून केवळ स्वस्त मनुष्यबळ मिळवले गेले, तेथे योजना कागदावर उरल्या. हे विधान तपासून पाहणे हा या पाठाचा हेतू आहे.

२. आराखडा आणि गाव : १९४० ते १९७०

राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये नेमलेल्या नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे प्रमुख कर्नल सोखी होते. दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता असावा, असा विचार १९४० मध्येच या समितीच्या कामातून पुढे आला. ‘हजारामागे एक’ हे सूत्र पुढे १९७७ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये आपल्याला भेटणार आहे.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३७ साली जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ बालके पहिल्या वाढदिवसापूर्वी मरण पावत होती, ही नोंद त्या अहवालात आहे. देशातील एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू दहा वर्षांखालील मुलांचे होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे तत्त्व समितीने मांडले. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना याच अहवालाने रुजवली. गावागावांत आरोग्य समित्या असाव्यात, अशीही शिफारस त्यात होती.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या चौकटीत प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. इमारती झाल्या, गावसमित्यांचा विचार मात्र मागे पडला. केंद्र मोठ्या गावी असे, वाडीवरच्या आईला तेथे पोहोचण्यासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९७१ मध्ये देशाचा अर्भकमृत्यू दर हजारी १२९ होता. ग्रामीण भागात तो १३८, तर शहरी भागात ८२ होता. स्वातंत्र्यानंतरच्या पाव शतकात खेडे आणि शहर यांच्यातील ही दरी बुजली नव्हती.

३. नारंगवाल ते जामखेड

पंजाबच्या लुधियाना जिल्ह्यातील नारंगवाल येथे १९६० च्या दशकात डॉ. कार्ल टेलर यांच्या नेतृत्वाखाली एक संशोधन प्रकल्प सुरू झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचे त्यात सहकार्य होते. गावातच राहणाऱ्या साहाय्यक परिचारिका मुलांचे वजन घेत, पूरक आहार देत आणि न्यूमोनियासारख्या आजारावर स्वतः औषधोपचार करत. डॉक्टर दूर असतानाही मुलांचे मृत्यू कमी करता येतात, हे तेथे दिसून आले. १९७४ मध्ये प्रकल्प थांबला. तो मूलतः संशोधकांनी आखलेला होता; गाव त्याचे लाभार्थी होते, मालक नव्हते.

टेलर यांचे विद्यार्थी डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनीही गावात परिचारिका ठेवून पाहिल्या. बाहेरून आलेल्या परिचारिकेला गावात करमत नसे आणि गावालाही ती आपली वाटत नसे. तेव्हा गावाने स्वतःच्याच एका बाईची निवड करावी, असा मार्ग निघाला. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडच्या केंद्रावर येत. एकत्र शिकत, एकत्र जेवत, एकत्र राहत. ज्या काळात पाणवठे वेगळे होते, त्या काळात हे प्रशिक्षण आरोग्यापुरते मर्यादित राहणे शक्यच नव्हते.

जामखेडचे वैशिष्ट्य असे की, आरोग्याचा प्रश्न तेथे आजारापासून सुरू झाला नाही. लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितले. १९७२ च्या दुष्काळात गावोगावी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली गेली. त्यांत सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली. कूपनलिका दलित वस्तीत घेण्यावर भर दिला गेला, त्यामुळे इतरांना पाण्यासाठी तेथे यावे लागले. गावातील पुरुषांची शेतकरी मंडळे आणि पुढे महिला मंडळे ही या कामाची गावातील संघटना बनली. वजनाची नोंद, लसीकरणाची आठवण, बाळंतिणीची भेट ही कामे आरोग्य कार्यकर्ती करत असली, तरी तिच्या पाठीशी ही मंडळे उभी असत. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तेथील अर्भकमृत्यू दर १९७१ मध्ये हजारी १७६ होता, तो १९७६ मध्ये ५२ वर आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

४. १९७७ ची योजना : नाव तेच, आशय वेगळा

जामखेडसारख्या प्रयोगांची चर्चा होत असतानाच श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये समाजातूनच आरोग्य कार्यकर्ते तयार करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडीचा जन्म झाला. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना आणली. तेव्हा राजनारायण आरोग्यमंत्री होते. दर हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते.

पुढच्याच वर्षी आल्मा-आटा येथे जगातील देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला. लोकसहभाग हे त्यातील एक मुख्य तत्त्व होते. भारताची योजना या तत्त्वाला अनुसरूनच दिसत होती. प्रत्यक्षात मात्र निवड बहुतेक ठिकाणी गावातील वजनदार मंडळींच्या हाती गेली आणि निवडलेल्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला प्रवेश नव्हता. त्यामुळे ज्या दिवसांत मूल दगावण्याचा धोका सर्वांत जास्त, त्याच दिवसांत हा कार्यकर्ता उंबऱ्याबाहेर राही. औषधांचा पुरवठा अनियमित होता. प्रशिक्षण एकदा झाले की संपले, जामखेडसारखी दर आठवड्याची साथ नव्हती. १९८१ मध्ये या कार्यकर्त्यांना ‘आरोग्य मार्गदर्शक’ हे नाव मिळाले, परंतु योजनेची घसरण थांबली नाही.

हजारामागे एक माणूस नेमता येतो, पण निवडीची पद्धत, सततचे शिक्षण आणि पाठीशी असलेली गावाची संघटना या गोष्टी एका शासकीय आदेशाने निर्माण होत नाहीत. जामखेडच्या यशातला हाच भाग या योजनेत उतरला नाही.

५. गडचिरोली : ज्ञानाची वाटणी

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. आदिवासींशी बोलताना त्यांना समजले की मोठ्या इमारतीच्या रुग्णालयाची लोकांना भीती वाटते, तेथे नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येत नाही. म्हणून शोधग्राम येथील रुग्णालय आदिवासी गावासारखे, झोपड्यांच्या रचनेत बांधले गेले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले.

बालमृत्यूंचे मोठे कारण न्यूमोनिया होते. लक्षणे सोपी होती : खोकला, धाप, श्वासाची वाढलेली गती. पण निरक्षर सुईणीने मिनिटाला पन्नास-साठ श्वास मोजायचे कसे? त्यासाठी मणी सरकवून मोजता येईल असे साधे श्वासमापक तयार झाले. सुईणी आणि गावातील कार्यकर्ते न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविकाचे औषध देऊ लागले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांतील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहूनही कमी होते.

तरीही जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यू कायम होते. १९९५-९६ मध्ये घरोघरी केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक नवजात बाळांना वैद्यकीय काळजीची गरज असल्याचे आढळले. प्रत्यक्ष डॉक्टरपर्यंत पोहोचली ती शंभरात तीनदेखील नव्हती. तेव्हा ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले गेले. बाळाला ऊब देणे, वजन करणे, स्तनपानास मदत करणे, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे ही कामे त्यांनी घरोघरी केली. तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू दरात तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्के घट झाली. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

या प्रयोगावर आक्षेपही घेतला गेला. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीच्या हाती इंजेक्शन द्यावे का, हा त्यातला मुख्य प्रश्न. त्याचा सामना करताना काटेकोर प्रशिक्षण, नियमित देखरेख आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद यांवर भर दिला गेला. पुढे ‘अंकुर’ प्रकल्पाद्वारे महाराष्ट्रातील सात ठिकाणी इतर संस्थांनी ही पद्धत राबवून पाहिली.

६. पोलिओ : विश्वासाचा प्रश्न

आतापर्यंतची उदाहरणे ग्रामीण व आदिवासी भागांतील आहेत. उत्तर प्रदेशातील पोलिओ मोहिमेचा अनुभव वेगळा आहे, कारण तेथे आरोग्यसेवा दारात आली होती आणि दार बंद होते. देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. २००२ मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले, त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. गरीब मुस्लिम वस्त्यांतील मुलांचे प्रमाण त्यांत लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होते. थेंबांमुळे पुढे मूल होत नाही, अशी अफवा तेथे पसरली होती. सरकारी माणूस आणि नसबंदी यांची सांगड लोकांच्या मनात आणीबाणीच्या काळापासून बसलेली होती. शिवाय लोक एक रोकडा प्रश्न विचारत : नळाला पाणी नाही, गटार तुंबले आहे, दवाखाना बंद आहे, मग हे दोन थेंब घेऊनच तुम्ही पुन्हा पुन्हा का येता?

२००३ पासून सेवावंचित समाजासाठी स्वतंत्र धोरण आखले गेले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या संस्था, तसेच इमाम, मदरशांचे शिक्षक आणि मोहल्ल्यातील प्रतिष्ठित मंडळी यांना सोबत घेतले गेले. मोहल्ल्यातीलच स्त्रिया समन्वयक म्हणून घरोघरी जाऊ लागल्या. वीटभट्ट्या, भटक्यांचे तळ, बिहारमधील कोसी नदीच्या पुराने तुटणारी गावे यांच्या याद्या तयार झाल्या. २००९ मध्ये उत्तर प्रदेशातील ६६ आणि बिहारमधील ४१ अशा १०७ ब्लॉकसाठी विशेष योजना आली. तिच्यात लसीबरोबरच स्वच्छता, स्तनपान, अतिसारावरील उपचार आणि नियमित लसीकरण यांचा समावेश होता. लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला उशिरा का होईना दिलेले ते उत्तर होते.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

७. मितानिन, आशा आणि महिलांच्या बैठका

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले. नव्या राज्यात आरोग्ययंत्रणा तोकडी होती. २००२ मध्ये सुरू झालेल्या मितानिन कार्यक्रमात शासन आणि स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र काम केले. ‘मितानिन’ म्हणजे मैत्रीण. त्या प्रदेशात मैत्रीचे नाते विधिपूर्वक जोडण्याची प्रथा आहे. गावामागे एक नव्हे, तर पाऱ्यामागे, म्हणजे वस्तीमागे एक मितानिन निवडली गेली. त्यामुळे गावाच्या टोकाला असलेल्या वस्तीलाही स्वतःची प्रतिनिधी मिळाली. अंगणवाडी उघडते का, रेशन मिळते का, परिचारिका येते का, यावरही मितानिन लक्ष ठेवू लागल्या.

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि मितानिनच्या अनुभवाच्या आधारे ‘आशा’ देशभर आली : साधारण हजार लोकसंख्येमागे एक, स्त्री, आणि त्याच गावची रहिवासी. १९७७ ची निदान एक चूक येथे सुधारली गेली. २०११ मध्ये गडचिरोलीतील पद्धतीच्या आधारे घरोघरी नवजात काळजीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला आशा सहा वेळा, तर घरी जन्मलेल्या बाळाला सात वेळा भेट देते. शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी असते. २०१८ पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंतच्या भेटींचीही त्यात भर पडली.

याच काळात झारखंड आणि ओडिशातील आदिवासीबहुल भागांत ‘एकजुट’ या संस्थेने वेगळ्या वाटेने काम केले. तेथे कोणी औषध वाटले नाही. २००५ ते २००८ या काळात गावातील स्त्रियांच्या मासिक बैठका घेतल्या गेल्या. गोष्टी, चित्रे आणि खेळ यांच्या साहाय्याने बाळे का दगावतात याची चर्चा झाली आणि उपाय स्त्रियांनीच ठरवले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत नवजात मृत्यू दरात ३२ टक्के घट झाली. पुढे या पद्धतीच्या बैठका आशांमार्फत अनेक राज्यांत घेतल्या जाऊ लागल्या.

देशाचा अर्भकमृत्यू दर २००५ मध्ये हजारी ५८ होता, तो २०२० मध्ये २८ झाला. रस्ते, स्त्रीशिक्षण, रुग्णालयातील बाळंतपणे, लसी अशी या घटीची कारणे अनेक आहेत. सर्व श्रेय एका कार्यक्रमाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु या सेवा वस्तीपर्यंत नेण्यात आशा आणि अंगणवाडी सेविका यांचा वाटा मोठा आहे, हे नाकारता येत नाही.

८. भागीदारी की स्वस्त श्रम?

आशा ही ‘स्वयंसेविका’ मानली जाते. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. नवजात बाळाच्या सर्व भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये मिळतात. नियमित कामांसाठीची मासिक रक्कम २०१८ मध्ये एक हजारावरून दोन हजार रुपये झाली. काही राज्ये त्यात स्वतःची भर घालतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. पण मानधनासाठी आणि कर्मचाऱ्याच्या दर्जासाठी त्यांचे संप अनेक राज्यांत होत राहिले आहेत. ज्या गरीब स्त्रीच्या खांद्यावर गरीब मुलांचे आरोग्य उभे आहे, तिचे श्रम ‘सेवाभाव’ म्हणून स्वस्तात घेणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न लोकसहभागाच्या गाभ्याशी जातो.

दुसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा. आशा गावाला बांधील की आरोग्य खात्याला? निवड गावाची, पण उद्दिष्टे आणि मोबदला खात्याचा, अशा रचनेत तिचा गावाच्या बाजूने बोलण्याचा आवाज क्षीण होतो. २००७ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. त्यात गावांनी आरोग्य केंद्रांना गुण दिले आणि जनसुनवाईत रिक्त पदे, औषधटंचाई, बेकायदा पैसे घेणे यांबद्दल अधिकाऱ्यांना जाब विचारला. भागीदारीची ही बाजू कार्यकर्ती नेमण्याइतकीच महत्त्वाची आहे. गावात कितीही चांगली कार्यकर्ती असली, तरी तिने पाठवलेल्या बाळासाठी केंद्रात डॉक्टर नसेल तर तिचा शब्द खोटा ठरतो.

९. सारांश

भोर समितीपासून आजपर्यंतच्या अनुभवातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वंचित बालकापर्यंत पोहोचणारी व्यक्ती त्याच वस्तीतील आणि प्रामुख्याने स्त्री असणे उपयुक्त ठरले आहे. दुसरी, तिच्या हाती केवळ निरोप नव्हे, तर ज्ञान, साधन आणि निर्णयाचा अधिकार द्यावा लागतो. तिसरी, लोकांनी विचारलेल्या पाण्याच्या, अन्नाच्या आणि सन्मानाच्या प्रश्नांकडे पाठ फिरवून आरोग्याचे काम पुढे जात नाही. चौथी, लोकांची भागीदारी म्हणजे शासनाची सुटका नव्हे. जेथे शासनाने औषध, डॉक्टर आणि योग्य मोबदला यांची जबाबदारी टाळली, तेथे सहभागाचा भार सर्वांत गरीब स्त्रियांवर पडला.

स्वाध्याय

१. ‘सहभाग’ आणि ‘भागीदारी’ यांतील फरक जामखेड प्रकल्प आणि १९७७ ची योजना यांच्या तुलनेतून स्पष्ट करा.

२. गडचिरोलीतील नवजात काळजीच्या प्रयोगात स्थानिक स्त्रियांची भूमिका सांगा. त्यावर घेतल्या गेलेल्या आक्षेपाविषयी आपले मत मांडा.

३. उत्तर प्रदेशात पोलिओ लसीला झालेला विरोध केवळ अज्ञानातून होता, या विधानाची चिकित्सा करा.

४. आपल्या गावातील किंवा वॉर्डातील आशा अथवा अंगणवाडी सेविकेशी, तिच्या संमतीने, बोला. तिची कामे, मोबदला आणि तिला मिळणारी गावाची साथ यांवर दोनशे शब्दांची टीप लिहा.